पाण्यातले खडे

३ मार्च

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. वाचून तू नाक मुरडलं असतंस. फोन तू उचलत नाहीस, आणि तीन वर्षं न बोललेल्या माणसाशी फोनवर सुरुवात कुठून करायची ते मलाही सुचत नाही. पत्र बरं. आवडलं नाही तर फाडता येतं.

आधी आईचं सांगते. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. सहा आठवड्यांनी वॉकर धरून चालेल म्हणतात. काल तिने नर्सला उशी कशी लावायची हे दोनदा शिकवलं, म्हणजे काळजीचं कारण नाही. जेवणाला नावं ठेवते आणि सगळं संपवते.

मंगळवारी तू येऊन गेलास हे नर्सकडून कळलं. मी नेमकी खाली औषधं आणायला गेले होते. चुकामूक झाली.

पेपर तिकडेही येत असेल. 'पंखांवर धावणारी जलद बोट खाडीच्या मध्यावर नाकावर आपटली, एक ठार, एकोणीस जखमी.' बोटीला पाण्यावर उचलून धरणारा पुढचा डावा पाणपंख मुळातून तुटला. पाण्यावर तरंगणारा ओंडका धडकला असावा, असं चौकशी समितीचं प्राथमिक मत आहे. ओंडका अजून सापडलेला नाही. गेले ते बोटीवरचे दोरवाले काका, तेवीस वर्षं धक्क्यावर दोर बांधायचे. आईला हे सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, "ते दोरवाले कसे आहेत गं?" मी म्हणते, "बरे आहेत."

आईच्या खोलीत कोपऱ्यात एक बेसिन आहे. नळ अर्धवट उघडला की आतून करकर आवाज येतो. नर्सला सांगितलं तर ती म्हणाली, सगळेच नळ असे वाजतात. तिचं खरं आहे. सगळेच वाजतात.

आई त्या बोटीने तुझ्याकडेच यायला निघाली होती, हे तुला माहीत आहे. तेव्हा पत्राचं उत्तर पाठव. निदान तिच्यासाठी.

तुझी बहीण


९ मार्च

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे, तुझ्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं.

आज आई जरा गप्पांत आली आणि बोटीवरचं पहिल्यांदा नीट सांगितलं. ती पुढे खिडकीशी बसली होती. तिला खिडकीच लागते, तुला माहीत आहे. दोरवाले काका तिच्यापाशी येऊन थांबले, मान वाकडी करून ऐकत राहिले. मग म्हणाले, "मावशी, आज खाली खडे वाजतायत. तुम्ही मागे बसा बरं." आई म्हणाली, "अहो, मला पाणी दिसायला हवं." तर म्हणाले, "पाणी मागूनही दिसतं." हात धरून तिला शेवटच्या रांगेत बसवलं आणि स्वतः पुढे गेले, आवाज कुठून येतोय ते बघायला. मग सगळं कोसळलं.

"खडे म्हणजे काय गं?" आईने विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही, त्यांची बोलायची पद्धत." पण तो शब्द माझ्या ओळखीचा आहे. तू तोच वापरला होतास.

तीन वर्षांपूर्वी बोगद्यासमोर उभा होतास तू. आपल्या प्रयोगशाळेतला पाण्याचा बोगदा, काचेच्या खिडकीचा, आत याच बोटीच्या पंखाची प्रतिकृती आणि तिच्यावरून धावणारं पाणी. स्क्रूड्रायव्हरचं टोक तू भिंतीला टेकवलं होतंस आणि मूठ कानाला लावली होतीस, गॅरेजवाले इंजिन ऐकतात तशी. म्हणालास, "ठमे, खडे वाजतायत. हा पंख खाल्ला जाणार." मीही मूठ कानाला लावली. खरंच कुणीतरी पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवत होतं.

दुपारच्या बैठकीत साहेबांनी विचारलं तेव्हा मी काय म्हणाले, ते तुला आठवत असेल. म्हणाले, "पंपाचं बेअरिंग गेलंय सर. बोगदा जुना झाला." सगळे हसले. तू हसला नाहीस. माझ्याकडे बघितलंस आणि वही मिटलीस.

मला समितीपुढे बोलावलंय. साक्षीदार म्हणून नाही, तज्ज्ञ म्हणून. पंखाचं गणित माझं ना. हसू नकोस.

ठमी


१४ मार्च

दादा,

समितीत तिघं आहेत. एक निवृत्त न्यायाधीश, एक बंदराचा अधिकारी, एक विमाकंपनीचा इंजिनिअर. पाण्याखाली काय चालतं ते तिघांनाही पहिल्यापासून सांगावं लागणार. तुझ्यावर सराव करते. तुला झोपेतही येतं हे, तरी ऐक.

पंखाच्या पाठीवरून पाणी इतक्या वेगाने जातं की तिथला दाब उतरतो. खूप उतरला की पाणी न तापताच उकळतं. पाठीवर वाफेचा पातळ पापुद्रा बसतो. तो तिथेच निवांत बसला तर फारसं बिघडत नाही. पण त्याच्या शेपटाकडून पाणी उलटं आत घुसतं, पापुद्रा तुटतो, तुटलेला तुकडा फेसासारखा वाहत जातो आणि जास्त दाबाच्या पाण्यात पोचला की पंखावरच फुटतो. प्रत्येक बुडबुडा म्हणजे एक बारीक हातोडी. बाहेर ऐकू येतात ते खडे.

पापुद्रा कुठे बसेल आणि तुटेल की नाही, हे आधीच सांगणं हे माझं काम होतं. पंखाभोवती बारीक जाळं विणायचं, प्रत्येक घरात पाणी किती, वाफ किती ते कंप्युटरला मोजायला लावायचं. दोन महिने माझा पापुद्रा थरथरायचा, आणि तुटायची वेळ आली की गणितच कोसळायचं. सकाळी येऊन बघावं तर पडद्यावर लाल ओळी. मग मी खळबळीच्या हिशेबातला एक आकडा वाढवला. तो वाढवला की गणितातलं पाणी मधासारखं जड होतं. जड पाणी उलटं घुसत नाही. पापुद्रा शहाण्यासारखा बसून राहिला. चित्र इतकं स्वच्छ आलं की साहेबांनी ते फ्रेम करून दारापाशी लावलं. अजून आहे तिथेच.

आमच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून त्याला चूकही म्हणवत नाही. जड पाण्यात पापुद्रा तुटत नाही, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. मी स्वतः शिकवलंय.

गेल्या आठवड्यात तो आकडा पुन्हा जागच्या जागी ठेवला, जाळं तिप्पट बारीक केलं आणि गणित चार दिवस चालू ठेवलं. पापुद्रा सेकंदाला पन्नासेक वेळा तुटतो दादा. आणि तो पंख स्वतः जितक्या वेगाने थरथरतो तो आकडाही जवळजवळ तेवढाच आहे. म्हणजे एकीकडून खाल्ला जातोय, दुसरीकडून हलवला जातोय. मुळाशी, मागच्या कडेपासून चार बोटं आत. तू दाखवली होतीस तीच जागा.

साहेबांना दाखवलं. त्यांनी खोलीचं दार लावलं. म्हणाले, "आता हे कशाला उकरायचं? समिती ओंडक्यावर समाधानी आहे. तुझ्याकडे काय, एक जुनं गणित आणि एक नवं गणित. खरं कोणतं, हे कोण ठरवणार?"

दुसरी बोट पाच एप्रिलपासून पुन्हा सुरू होते आहे. तोच पंख, त्याच साच्यातला. रोज आठ फेऱ्या, प्रत्येक फेरीला नव्वद माणसं.

साहेबांचं एक खरं आहे, नुसत्या गणिताने भागणार नाही. कुणीतरी उभं राहून सांगायला हवं की बोगद्यात हे प्रत्यक्ष दिसलं होतं. तू प्रतिकृतीच्या पंखावर तो मऊ लाल रंग लावला होतास, बुडबुडे कुठे आपटतात ते कळावं म्हणून. सहा तास पाणी चालवलंस. रंग कुठे उडाला ते तू पाहिलंस. दुसऱ्या दिवशी साहेबांना दाखवायला गेलास, तर पंख लखलखीत. एक ठिपका नाही. सफाईवाल्याने पुसला असेल, असं मीच सुचवलं होतं.

सफाईवाल्याने नाही पुसला. मी पुसला. जेवणाच्या सुट्टीत, स्पिरिटच्या बोळ्याने. बोगदा बंद होऊन तिथे कंप्युटरची खोली होणार होती, आणि ते ठिपके दिसले असते तर ती झाली नसती. एवढंच सांगून थांबणार होते, पण तेही अर्धंच आहे. मला तुला हरवायचं होतं. लहानपणापासून तूच बरोबर असायचास, पतंगाच्या वाऱ्यापासून आईच्या मूडपर्यंत. एकदा, फक्त एकदा मला बरोबर असायचं होतं.

ये आणि सांग. मी पुसला हेही सांग.

ठमी


२० मार्च

दादा,

हे पत्र लिहायचं नव्हतं. पण आज आई सहज बोलून गेली आणि तेव्हापासून मी दवाखान्याच्या बाकावर बसले आहे. समोर पाण्याचं यंत्र आहे. कुणी पेला भरला की तेही वाजतं. चहाचं आधण वाजतं, जिन्यातले पाइप वाजतात. परवा केस धुताना शॉवर बंद करून तशीच उभी राहिले, साबण डोळ्यांत. कुणीतरी डबा हलवतंय. आणि दरवेळी मी मान वाकडी करून ऐकते. काकांनी केली असेल तशी.

तर आई. ती म्हणाली, "त्या दिवशी तू बरोबर असतीस तर तुलाही लागलं असतं. बरं झालं बाई, तुला बोट लागते ते."



ती पुढे म्हणाली, "दादाला मी सांगितलं ना, ठमीला बोट लागते म्हणून ती मला धक्क्यावर सोडून बसने गेली. तर तो म्हणाला, 'हो, तिला लहानपणापासूनच लागते.'"

दादा, तू असं म्हणालास?

तलावातल्या वल्ह्याच्या होडीत काठाला लटकून ओकायचास तू. मी टोकावर उभी राहून नाचायचे. आई कधी बरोबर नसायची. बाबा म्हणायचे, हिला खलाशाकडेच द्यायला हवी. मला बोट कधी लागली नाही. हे जगात दोनच माणसांना पक्कं ठाऊक होतं आणि त्यातले बाबा गेले.

म्हणजे आईच्या खाटेशी बसून, तिच्या तोंडून ते वाक्य ऐकताक्षणी तुला सगळं कळलं असणार. बोट सुरू झाल्यापासून दोन वर्षं मी तिच्यात एकदाही बसलेली नाही. कामासाठी पलीकडे जायचं तर खाडीला वळसा घालून दीड तास बसने जाते. ऑफिसात सांगितलं, मला बोट लागते. शेजाऱ्यांना सांगितलं. आईला सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की बोटीचं नाव काढलं की खरंच मळमळायला लागलं.

त्या दिवशी आई म्हणाली, "मी एकटी जाईन गं, चाळीस मिनिटांचा तर प्रश्न." बसने चल म्हणू शकले असते. पण मग तिने 'का' विचारलं असतं. तिच्या एका 'का'ला उत्तर द्यावं लागू नये, म्हणून मी तिला त्या बोटीत बसवलं. मीच तिची पिशवी काकांच्या हातात दिली. म्हटलं, "आईकडे लक्ष असू द्या हं." ते म्हणाले, "काळजीच करू नका."

त्यांनी लक्ष ठेवलं.

आणखी एक. मंगळवारी मी औषधं आणायला गेले नव्हते. तुला खालच्या फाटकातून आत येताना पाहिलं आणि मधल्या जिन्यात जाऊन उभी राहिले. तू गेलास तेव्हा तुझी पाठ पाहिली. खांदे उतरलेत तुझे. हाक मारायला तोंड उघडलं होतं. पण तू फाटकाबाहेर पडेपर्यंत तिथेच उभी राहिले.

तू का नाही सांगितलंस आईला? मला वाचवायला? मला आता तुझी दया नको दादा. मला तू हवा आहेस, समितीपुढे, ३० तारखेला, अकरा वाजता.


२९ मार्च

दादा,

तुझं पाकीट आज पोचलं. आत चिठ्ठी असेल म्हणून तीनदा झटकलं. चिठ्ठी नाही. दोन फोटो, मागे तुझ्या अक्षरात तारीख आणि वेळ. एक वाजून बारा. एक वाजून तेरा.

टेबलावरच्या कॅमेऱ्याचं मी विसरूनच गेले होते. रंग लावलेला पंख टेबलावर ठेवला की तू तो वर टांगायचास, मिनिटाला एक फोटो आपोआप. कुणी विचारलं तर म्हणायचास, "माझ्यापेक्षा त्याची नजर शांत आहे."

पहिल्या फोटोत लाल पंख आहे आणि मुळाशी उडालेल्या रंगाचे पांढरे ठिपके, देवीच्या व्रणांसारखे दाट. मागच्या कडेपासून चार बोटं.

दुसऱ्या फोटोत बोळा आहे, आणि एक मनगट. मनगटावर मोठ्या तबकडीचं पुरुषी घड्याळ. मला नोकरी लागली तेव्हा तू दिलेलं.

तीन वर्षं हे तुझ्याकडे होतं. बोगदा बंद करून तुला नोकरीवरून काढलं तेव्हाही. वहिनीने सांगितलं होतं मला, तू पंप दुरुस्तीचं दुकान टाकलंस, हात कायम ग्रीसने काळे. तेव्हाही होतं. नुसता पहिला फोटो दाखवला असतास तरी बोगदा वाचला असता. पण कुणीतरी विचारलं असतं, मग रंग गेला कुठे? आणि तुला खोटं बोलता येत नाही, माझ्या बोटीबद्दल सोडून.

मी आधी रडले. मग तुझा इतका राग आला की फोटो भिंतीवर फेकून मारले. कोण म्हणालं होतं तुला मला वाचवायला? तू गप्प बसलास म्हणून ती बोट पाण्यात उतरली. मी पुसलं आणि तू झाकलंस. आपण दोघांनी मिळून आईला त्या खिडकीशी बसवलं, आणि ज्याचा काही संबंध नव्हता त्या माणसाने तिला तिथून उठवलं. हे मी एकटीने उचलणार नाही. अर्धं तुझं आहे.

फोटो उचलून पुसले. कोपरा थोडा दुमडलाय.

उद्या दोन्ही देणार आहे. दुसराही. साहेबांनी विचारलं होतं ना, कोणतं गणित खरं हे कोण ठरवणार. ते मनगट ठरवेल. खऱ्या गोष्टीलाच पुसावं लागतं.

तू यावंस अशी इच्छा आहे. नाही आलास तरी मी जाणार.

ठमी


७ एप्रिल

दादा,

तू आला नाहीस. दाराकडे बघत बघत बोलले, न्यायाधीशांना वाटलं मी घाबरले आहे.

आधी कुणाला समजेना. मग मी दुसरा फोटो ठेवला आणि शेजारी माझा हात ठेवला, घड्याळासकट. विमाकंपनीच्या इंजिनिअरने चष्मा काढला. साहेब म्हणाले, हे सगळं त्यांना नवीन आहे. हात झटकायला त्यांना अर्धं मिनिट लागलं. मला घरी बसवलंय, पुढे खटला होईल असं वकीलबाई म्हणतात. होऊ दे.

दुसरी बोट चारला, सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, गोदीत वर ओढली. मला बघायला बोलावलं. पंखाचं पाणी अजून निथळत होतं. मुळाशी हात फिरवला. चार बोटं आत धातू खरवडलेला, खवणीसारखा. आणि त्या खरवडीतून निघालेली एक भेग, केसाएवढी, पण नखाला लागणारी. गोदीचा वेल्डर म्हणाला, "बाई, अजून फार तर आठवडा काढला असता हिने." मी त्याला विचारलं, आवाज यायचा का? तो म्हणाला, "यायचा की. आम्हाला वाटायचं, नवीन बोटी अशाच वाजतात."

आईला साक्षीच्या दिवशी संध्याकाळीच सगळं सांगितलं. काका गेले ते, रंगाचं, बसचं. नर्सला बाहेर पाठवून, तिच्यासमोर खुर्ची ओढून. तिने शेवटी एवढंच विचारलं, "मला बसवलंस तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"हो," म्हटलं.

तिने तोंड भिंतीकडे केलं. बेसिनचा नळ करकरत होता. म्हणाली, "तो नळ नीट बंद कर." मी केला. खोलीत आवाज राहिला नाही, तरी मला येत होता. अजून येतो. जाईल असं वाटत नाही.

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी पिशवीतून एक मळका रुमाल काढून माझ्या हातात दिला. बोट आपटल्यावर तिच्या मुठीत राहिलेला, काकांचा. तिला मागे नेताना त्यांनी तिच्या सीटवरचं पाणी त्याने पुसून तो तिच्याच हातात दिला होता. म्हणाली, "धुऊन, इस्त्री करून त्यांच्या घरी नेऊन दे. आणि मला सांगितलंस ते सगळं त्यांच्या बायकोला सांग. मग माझ्याशी बोल."

त्यांचं घर तुझ्या बाजूला आहे, धक्क्यामागच्या तिसऱ्या गल्लीत. पत्ता मिळवला आहे.

रविवारी सकाळी येते आहे. बसने नाही, जुन्या संथ बोटीने, ती दहाला धक्क्याला लागते. त्या दारापर्यंत मी एकटी पोचेन असं वाटत नाही, दादा. अर्धं तुझं आहे म्हटलं होतं, ते घ्यायला ये. लांबूनच पायऱ्यांवर उभा राहिलास तरी चालेल. मी बोटीच्या टोकावर उभी असेन, चटकन दिसेन.

मला बोट लागत नाही. तुला माहीतच होतं. आता आईलाही माहीत आहे.

ठमी